पेटीनं गाळलेलं बोलणं

हणमंतराव शिरतोडे आयुष्यात दुसऱ्यांदा बायकोला ‘धन्यवाद’ म्हणाले आणि शालनताई घाबरल्या.

खरं तर तो पेढे वाटायचा दिवस. पाच महिने मुका पडलेला माणूस बोलला होता. मिरजेच्या इस्पितळातल्या त्या खोलीत डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत होत्या, नर्सबाई डोळे पुसत होत्या आणि भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून मुलगी ऋतुजा ‘बाबा! बाबा!’ करत होती. शालनताई मात्र चमचा हातात धरून तशाच उभ्या. त्यांनी नवऱ्याला दोन चमचे चहा पाजला होता. त्यावर उशाशी ठेवलेल्या राखाडी पेटीतून, हुबेहूब हणमंतरावांच्या आवाजात आलं होतं, “धन्यवाद. चहा उत्तम आहे. आपण घेतलेल्या कष्टांबद्दल मी आभारी आहे.”

“आई, अगं काहीतरी बोल ना!” ऋतुजा म्हणाली.

“बरं झालं हो,” शालनताई म्हणाल्या.

आता तुम्ही म्हणाल, नवरा आभार मानतोय यात घाबरण्यासारखं काय? तर त्यासाठी तुम्ही विट्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या शिरतोडे खानावळीत निदान एकदा तरी जेवलेलं असायला हवं.

त्या खानावळीत आत चुलीवर शालनताई आणि बाहेर गल्ल्यावर हणमंतराव, अशी अडतीस वर्षांची वाटणी. हणमंतरावांच्या तोंडाला लगाम म्हणून नव्हता. पण त्याचीही एक रीत होती. अनोळखी माणूस आला की, “या साहेब, बसा, पाणी घ्या.” तोच माणूस दहा-बारा वेळा जेवून गेला की, “काय रे, घरात खायला घालत न्हाईत का तुला?” आणि महिनाभर दिसला नाही तर, “आलास व्हय? मला वाटलं, पाटलाच्या विहिरीत शोधायला लागतंय.” नवे मास्तर, नवे बँकवाले अक्षरशः वाट बघायचे, की हा बाबा आपल्याला कधी शिव्या घालतो. ज्याला घातल्या तो गावचा झाला. ज्याला ‘अहो-जाहो’ केलं तो अजून परका.

बायकोला तर त्यांनी कधी नावानं हाक मारली नाही. ‘अगं ए’, ‘बये’, फारच लाडात आले तर ‘म्हातारे’. आभार वगैरे काढायची तर सोयच नव्हती. घरच्या माणसाचे आभार मानतं का कुणी?

एकदाच मानले होते. ऋतुजाचा पुण्याच्या कॉलेजातला प्रवेश शालनताईंनी त्यांना न विचारता पक्का केला आणि ती बातमी हणमंतरावांना गल्ल्यावर एका गिऱ्हाइकाकडून कळली तेव्हा. अकरा दिवस तो माणूस बायकोला ‘तुम्ही’ म्हणत होता. “तुम्ही जेवून घ्या.” “पाणी दिलंत, धन्यवाद.” त्यापेक्षा घर डोक्यावर घेतलं असतं तर परवडलं असतं. बाराव्या दिवशी, “बये, मीठ काय सासऱ्यानं पाठवलंय व्हय गं, एवढं घातलंयस?” असं ओरडले तेव्हा शालनताईंनी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली होती.

आणि आता पुन्हा ‘आपण’ आणि ‘आभारी’. रागाचं कारणही शालनताईंना ठाऊक होतं. सही.

चार वर्षांपूर्वी खानावळीतल्या टीव्हीवर असल्याच यंत्राची बातमी लागली होती. मेंदूवर चिकटवायची पट्टी, तिच्यातून बोलणारी पेटी. हणमंतराव आमटीचा डाव हातात घेऊन सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले होते, “असलं काय डोक्यात घालून घेण्यापरीस माणूस मुका मेलेला बरा.” सगळे हसले होते. मग एका सकाळी गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला. हात, पाय, जीभ, ओठ सगळं गेलं. पापण्यासुद्धा त्यांच्या ताब्यात राहिल्या नाहीत, आपल्या आपण मिटत नि उघडत. जबडा तेवढा थोडा हलायचा आणि घास गिळता यायचा. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी पट्टीचं सुचवलं तेव्हा विचारायला ते बोलत नव्हते, आणि शालनताईंनी सही केली. सही करताना तो आमटीचा डाव डोळ्यांपुढं होता. तरी केली.

---

ही पेटी काय करायची ते डॉ. सायली देवरुखकरांनी शालनताईंना आधीच नीट समजावलं होतं. बाई पस्तिशीच्या, हुशार आणि बोलायला साध्या.

“मावशी, बोलायचं असं मनात आलं की मेंदू जिभेला नि ओठांना हुकूम सोडतो. काकांचे हुकूम अजून सुटतात, पण खाली पोचायची वाट तुटली आहे. म्हणून आपण पोस्टाच्या तिकिटाएवढी पट्टी मेंदूवर ठेवली. ती हुकूम वरच्या वरच ऐकते आणि पेटीला सांगते.”

“म्हणजे त्यांच्या मनातलं सगळं पेटीला कळतं?”

“सगळं नाही, जे बोलायला जातात तेवढंच. आणि तेही धूसर. रेडिओला खरखर असते ना, तसं. मग पेटी अंदाज बांधते. एका बोलण्याची वीस-पंचवीस वाक्यं तयार करते आणि त्यातलं सर्वांत शक्य वाटेल ते बोलून दाखवते.”

शक्य कशावरून ठरवायचं? तर पेटीला त्याआधी कोट्यवधी मराठी वाक्यं वाचायला-ऐकायला घातली होती. वर्तमानपत्रं, सरकारी पत्रकं, इस्पितळातली संभाषणं, मोबाईल कंपनीच्या मदतकेंद्रावरचे फोन. इस्पितळात पडलेला पासष्ट वर्षांचा रुग्ण सहसा काय बोलतो, याचा हिशेब तिच्याकडे तयार होता. वर आणखी एक चाळणी बसवली होती, सभ्यतेची. दुसऱ्या एका गावी कुणा रुग्णाच्या पेटीनं मोठ्या डॉक्टरांना भर राउंडमध्ये आईवरून शिवी दिली, तेव्हापासून ती सक्तीची झाली. अपशब्द वाटला की पेटी त्यातला मतलब काढून घ्यायची आणि त्याला इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पाठवायची. आवाज तेवढा खरा होता. ऋतुजाच्या लग्नाच्या व्हिडिओतून काढलेला.

शालनताईंना हे सगळं समजलं होतं असं नाही. पण एवढं समजलं होतं, की पेटी बोलते ते हे बोलतात. डॉक्टर तसंच म्हणत, नर्स तसंच म्हणत, कागदावरही तसंच लिहिलेलं होतं.

---

शालनताई रोज विट्याहून दोन तास एस.टी.नं यायच्या, डबा घेऊन. दुसऱ्या आठवड्यात पेटी म्हणाली, “आपण रोज येण्याचे कष्ट घेऊ नयेत.”

त्यांनी डबा उघडता उघडता हात थांबवला. “नको येऊ?”

“आवश्यकता नाही. धन्यवाद.”

त्या दिवसापासून त्या एकाआड एक दिवस यायला लागल्या. आल्या तरी खुर्ची पलंगापासून जरा लांब घेऊन बसायच्या. त्यांच्या तोंडूनही आपोआप पाहुण्यासारखी भाषा निघायची. “झोप लागली ना तुम्हाला? बरं वाटतंय ना?” असली.

ऋतुजाला मात्र बाबांचं भारी कौतुक वाटत होतं. “आई, बाबा किती बदललेत गं! माझी विचारपूस केली काल. जावयांना नमस्कार सांगितला.”

“तुझ्या नवऱ्याला ते टोणगा म्हणतात.”

“तेच तर म्हणते ना. आजारपणानं माणूस मऊ होतो.”

“मऊ न्हाई झालेले,” शालनताई म्हणाल्या आणि रडू यायच्या आत त्यांनी फोन ठेवून दिला.

मग तो तिसरा आठवडा उजाडला. इस्पितळातला मुक्काम संपत आला होता. घरी न्यायचं की दीर्घसेवा केंद्रात ठेवायचं, एवढंच ठरायचं होतं. केंद्र चांगलं होतं. बाग होती, चोवीस तास माणसं होती. पण तिथं गेलेला माणूस परत घरी आलेला शालनताईंनी पाहिला नव्हता. त्यांनी घरी पलंग करून घेतला होता, गल्ल्यामागच्याच खोलीत, म्हणजे खानावळीतला गलका कानावर पडत राहील. रुग्णांच्या इच्छा नोंदवणारे बोरगावे साहेब त्या दिवशी पेटीसमोर बसले आणि त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, “शिरतोडे काका, तुम्हाला कुठं राहायला आवडेल?”

पेटी क्षणभर घुमली. “मला येथेच ठेवावे, ही विनंती.”

“घरी नको?”

“कुटुंबीयांना तसदी नको.”

बोरगाव्यांनी ते लिहून घेतलं. नंतर बाहेर व्हरांड्यात ते शालनताईंना हळूच म्हणाले, “वहिनी, वाईट वाटून घेऊ नका. पण नोंदलेली इच्छा म्हणजे कायदाच आहे. ती आता फक्त त्यांनाच मागं घेता येईल, माझ्यासमोर, स्वतःच्या तोंडानं. नाहीतर गुरुवारी त्यांना केंद्रात हलवू.”

शालनताई मान हलवून एस.टी. स्टँडवर आल्या. मनाविरुद्ध डोकं उघडलं म्हणून हा माणूस आता आपल्या छपराखाली यायला तयार नाही, असा त्यांनी अर्थ लावला. विट्याला उतरल्यावर त्यांनी खानावळीला कुलूप लावलं आणि त्या नव्या पलंगावर बसून पोटभर रडल्या.

---

सोमवारी त्या शेवटचं भेटून यावं म्हणून गेल्या. सवयीनं डबा बरोबर होता. ज्वारीची भाकरी आमटीत मऊ कुस्करलेली. खोलीत नर्सबाई हातात वाटी घेऊन वैतागून उभ्या होत्या.

“मावशी, आलात ते बरं झालं. तुम्ही नसता ना, त्या दिवशी हे एक घास घेत नाहीत बघा. तोंडच उघडत नाहीत. मग नळीनं घालावं लागतं. आणि वर म्हणतात काय, ‘भोजन रुचकर आहे, धन्यवाद’!”

शालनताईंनी डबा उघडला. “खानावळीला कुलूप लावून आलेय,” असं सांगत चमचा भरला. चमचा अजून डब्याच्या वरच होता तेवढ्यात हणमंतरावांचा जबडा उघडला होता. त्यांनी घास दिला. गिळला. पुन्हा उघडा. दुसरा, तिसरा, चौथा. डबा संपला तरी तोंड उघडंच.

आणि शालनताईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या अकरा दिवसांत हा माणूस जेवला कुठं होता? स्टँडवरच्या गाड्यावर! ‘धन्यवाद, धन्यवाद’ करत होता, पण घरच्या अन्नाला शिवला नव्हता. शिरतोडे रागावले की आधी ताट सरकवतात. तोंडानं काय बोलतात ते नंतर बघायचं.

“नर्सबाई, तुमची वाटी द्या जरा.” त्यांनी दुसऱ्या हातात इस्पितळाची पेज घेतली आणि नवऱ्याच्या डोळ्यांसमोर वाकल्या. “अहो, ऐका. तुम्ही माझ्यावर रागावलाय का? रागावला असाल तर तोंड मिटून घ्या. नसाल तर उघडं ठेवा.”

पेटी म्हणाली, “कृपया चिंता करू नये.”

“तू गप गं!” शालनताईंनी पेटीला दटावलं. तोंड उघडंच होतं.

“घरी यायचं नाही तुम्हाला? नसेल यायचं तर मिटा.”

“आपल्या सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार,” पेटी म्हणाली. तोंड होतं त्याहून मोठं उघडलं. जबडा थरथरत होता. घशातून घरघर आली आणि डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. हे पाणी नर्सबाईंनी रोज पाहिलं होतं, आणि रोज तक्त्यावर लिहिलं होतं, ‘रुग्ण भावुक, समाधानी’.

शालनताई तशाच तरातरा डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. वाटी हातातच होती.

“डॉक्टरीणबाई, तुमची पेटी खोटं बोलतीया.”

डॉ. सायलींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “मावशी, मला तुमचं पटतंय. पण जबडा उघडला म्हणजे घरी यायचंय, हे बोरगावे साहेब मानणार नाहीत. आणि पेटीचे आकडे इतके चांगले आहेत की... ‘रुग्णसमाधान’ अठ्ठ्याण्णव टक्के.” इथं त्या स्वतःच अडखळल्या. “म्हणजे आम्ही तक्रार किती येते ते मोजतो. आणि काकांची तक्रार पेटीतूनच यायची.”

“तुम्ही म्हणाला होता, पेटी वीस-पंचवीस वाक्यं करते. बोलते एकच. मग उरलेली जातात कुठं?”

डॉक्टरांनी संगणकाचा पडदा पुढं ओढला. “साठवलेली असतात. फेटाळलेली म्हणून. खरं सांगू का, कुणी बघतच नाही ती.”

पडद्यावर तारीखवार ओळी उतरायला लागल्या. डाव्या बाजूला पेटी बोलली ते, उजव्या बाजूला पेटीनं गाळलं ते.

‘धन्यवाद. चहा उत्तम आहे.’ आणि समोर, शक्यता चार टक्के, अपशब्दाची शंका: ‘ह्याला चहा म्हणत्यात व्हय? मुतखड्याचा काढा हाय. घरचा आण की गं.’

शालनताईंनी तोंडावर पदर धरला.

‘आपण रोज येण्याचे कष्ट घेऊ नयेत.’ समोर: ‘रोज कशाला मरायला येतीस, बये? पाय बघ तुझं, कसं सुजल्यात. एक दिस बस की गप घरात.’

डॉक्टर खाली वाकून शालनताईंच्या पायांकडे बघायला लागल्या. शालनताईंनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. सूज त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, ऋतुजालासुद्धा.

‘मला येथेच ठेवावे, ही विनंती.’ समोर: ‘ठेवा, ठेवा मला हितंच! हार घाला, उदबत्ती लावा. घरला न्यायचं नाव काढू नका कुणी.’

“अगं बाई!” शालनताई ओरडल्याच. “हे टोमणा मारत होते! आणि तुमच्या त्या साहेबानं लिहून घेतलं!”

“पेटीनं खरं मानलं ते आधी,” डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. “तिच्या दृष्टीनं ‘ठेवा मला इथंच’ म्हणजे ठेवा मला इथंच.”

पुढची ओळ रोज येत होती, कधी एका दिवसात तीन-तीन वेळा. डावीकडे: ‘आपल्या सहकार्याबद्दल आभार.’ उजवीकडे, शक्यता दोन टक्के: ‘बंद करा ही पेटी. हे मी बोलत न्हाई. शालन, हे मी बोलत न्हाई गं. शालन. शालन.’

अडतीस वर्षांत न घेतलेलं नाव. डॉक्टरांनी मोजून सांगितलं, एकोणीस दिवसांत त्रेपन्न वेळा. पेटीनं ते दर वेळी गाळलं होतं, कारण तिच्या अंदाजानुसार तो रुग्ण बायकोला नावानं हाक मारणाऱ्यातला नव्हता. अंदाज बरोबर होता, हेही खरंच.

शालनताई रडत होत्या, हसत होत्या, आणि मध्येच हातातली पेजेची वाटी कुठं ठेवावी ते शोधत होत्या. “जिवंत हाय हो माझा माणूस,” त्या म्हणाल्या. “आहे तस्सा हाय.”

---

सोमवार दुपार ते बुधवार संध्याकाळ, एवढाच वेळ हाती होता. चाळणी काढून टाकली तर पेटी भरकटेल, असं डॉक्टरांचं म्हणणं. तिला शिकवायला हवं होतं, की हा माणूस कुणासमोर काय बोलतो आणि त्याचा अर्थ काय होतो. नशीब असं, की खानावळीत गल्ल्यावर कॅमेरा होता, आवाजासकट, आणि दोन वर्षांचं चित्रण पडून होतं.

डॉक्टर एकेक तुकडा लावायच्या आणि शालनताई अर्थ सांगायच्या. सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या धंद्यावर तामिळनाडूत गेलेला एक जण तीन वर्षांनी दारात उभा राहतो. हणमंतराव ओरडतात, “मेला न्हाईस व्हय रं अजून?”

“हे काय समजायचं?” डॉक्टर.

“लई आनंद झालाय. ते बघा, हात. न विचारता ताटात दुसरी भाकरी टाकली. आणि उठून उभं राहिल्यात. गुडघा दुखतोय त्यांचा, ते कुणासाठी उठत न्हाईत.”

दुसरा तुकडा. सफारीतला एक अधिकारी तपासणीला आलाय. “या साहेब, बसा. आपलीच वाट बघत होतो. काय सेवा करू?”

“हे आदरानं?” डॉक्टरांनी विचारलं.

“ही शिवी,” शालनताई म्हणाल्या. “अस्सल. आतल्या गाठीची. बघा, पाण्याचा तांब्या विचारला न्हाई.”

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पुन्हा लिहायला लागल्या. मंगळवारी रात्रीचं जेवणही त्यांनी तिथंच मागवलं. आपण आजवर शब्द मोजत बसलो, असं त्या म्हणाल्या. शब्दांच्या आजूबाजूला काय चाललंय, समोर कोण आहे, नातं काय, हात काय करतोय, हे पेटीला कधी दाखवलंच नव्हतं. आता त्यांनी पेटीला छोटा कॅमेरा जोडला. समोरचा माणूस घरचा की परका, एवढं आधी ओळखायचं आणि मग वाक्यं निवडायची. घरच्यासाठी चाळणी सैल. परक्यासाठी हणमंतराव स्वतःच कुठं असभ्य होते?

“आमच्या घरी पण आजोबा असेच होते, मावशी,” काम संपल्यावर त्या म्हणाल्या. “गाढवे म्हणायचे मला. मी हे यंत्र बनवताना एकदाही आठवलं नाही बघा.”

“तुम्ही गाढवच की मग,” शालनताई म्हणाल्या. डॉक्टर खळखळून हसल्या आणि शालनताईंना बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

---

गुरुवारी सकाळी दहा वाजता खोलीत बोरगावे साहेब आले, हातात कागद घेऊन. खाली केंद्राची गाडी येऊन उभी होती. डॉक्टरांनी पेटी सुरू केली. तिनं नव्यानं शिकलेलं कुणीच अजून ऐकलं नव्हतं.

“शिरतोडे काका, नमस्कार,” बोरगावे म्हणाले.

पेटी घुमली. “नमस्कार साहेब. या, बसा.”

शालनताईंनी चटकन पेटीकडं बघितलं. पुन्हा तेच सुरू झालं की काय? पण लगेच त्यांच्या ध्यानात आलं, साहेब परकेच होते.

“आपली इच्छा आपण केंद्रात राहण्याची नोंदवली आहे. ती कायम आहे का?”

“न्हाई साहेब. ते चुकून झालं. मला माझ्या घरी जायचं हाय. विट्याला. आजच.”

बोरगाव्यांनी चष्मा सारखा केला. “विचार करून सांगताय ना? घरच्यांना झेपेल का? वहिनींचंही वय—”

पेटीचा बारीक कॅमेरा वळला. शालनताईंवर येऊन थांबला. आणि तीन आठवडे तुंबलेलं सगळं एकदम बाहेर पडलं.

“अगं ए बये! खांबासारखी उभी काय ऱ्हायलीस? सांग की त्यांस्नी! आणि खानावळीला कुलूप घातलंस म्हणं? कुणाला इचारून? रोजची पोरं जेवायची कुठं? आणि परवाच्या आमटीत चिंच किती घातलीस गं, दात आंबलं माझं! डबा तेवढा रिकामा झाला म्हणून खूश व्हऊ नको!”

बोरगावे दचकून मागं सरकले. “हे... पेटी बिघडली का?”

“न्हाई हो साहेब,” शालनताई म्हणाल्या. गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. “आत्ता दुरुस्त झाली.”

बोरगाव्यांनी डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी मान डोलावली. मग त्यांनी जुन्या नोंदीवर आडवी रेघ मारली, खाली तारीख घातली आणि गाडीवाल्याला परत पाठवायला खाली गेले. डॉक्टरही त्यांच्याबरोबर गेल्या आणि जाताना दार ओढून घेतलं.

खोलीत दोघंच राहिले. शालनताईंनी खुर्ची पलंगाला अगदी चिकटवून घेतली. घरी न्यायचं पक्कं झालं होतं, सगळं मनासारखं झालं होतं, तरी एक गोष्ट छातीत अडकून राहिली होती आणि ती आज विचारली नाही तर पुढं कधीच विचारता आली नसती.

“अहो,” त्या म्हणाल्या, “तुम्ही म्हणाला होता, डोक्यात असलं काही घालायचं न्हाई. त्यापेक्षा मुका मेलेला बरा म्हणाला होता. सगळ्यांदेखत. आणि मी सही केली. तुम्हाला न विचारता, पुन्हा एकदा. खरं सांगा.”

पेटी घुमली. शालनताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग आवाज आला, गल्ल्यावरचा नव्हे, जरा हळू. पण कुरकूर तीच.

“मग काय शेजाऱ्यानं करायची व्हती सही?”

शालनताईंनी डोकं पलंगाच्या कडेला टेकवलं आणि कितीतरी दिवसांचा श्वास सोडला.